दुसऱ्याच्या खोलीतला स्पीकर, आपल्या कानातला आवाज

माझा भाचा गोव्यात साखळीला राहतो. दोन वर्षं पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून त्याने स्पीकरच्या चांगल्या जोडीसाठी साठ हजार जमवले आहेत. एका रात्री साडेदहाला त्याने मला यूट्यूबवरचा एक व्हिडिओ पाठवला. दोन जोड्या शेजारी शेजारी मांडलेल्या, एकच गाणं अर्ध्या अर्ध्या मिनिटाने आलटून पालटून दोन्हींवर वाजवलेलं, कोपऱ्यात ‘अ’ आणि ‘ब’ ही अक्षरं. सोबत निरोप होता, ‘मामा, हेडफोन लावून ऐका आणि सांगा कुठली घेऊ. मला ब आवडली.’

मी ऐकलं. मलाही ब आवडली. तरी मी त्याला फोन करून सांगितलं की यावरून काहीही ठरवू नको. तो नाराज झाला. ‘एवढे लोक यावरूनच घेतात, आणि तुम्ही ऐकूनसुद्धा मत देत नाही.’ फोनवर त्याला दोन वाक्यांत समजावता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

स्पीकरच्या आवाजाची प्रत ऑनलाइन व्हिडिओ ऐकून ठरवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. मुंबईला किंवा बंगळूरला राहणाऱ्याला व्हिडिओवरून झालेलं मत निदान एखाद्या दुकानात जाऊन पडताळता येतं. आपल्याकडे गोव्यात व्हिडिओ हाच पहिला आणि शेवटचा साक्षीदार होऊ लागला आहे. कष्टाचे पैसे त्या साक्षीवर खर्च होतात, म्हणून हा एकट्या भाच्याचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही.

सगळ्यात साध्या गोष्टीपासून सुरुवात करतो. भाचा ‘ब’ ऐकत होता तेव्हा त्याच्या कानातली हवा कोण हलवत होतं? त्याचे दीड हजाराचे इअरफोन. ‘ब’ जोडी कुठल्या तरी दूरच्या शहरात, दुसऱ्याच्या खोलीत होती. तिने तिथली हवा हलवली, ती लाट माइकपर्यंत गेली, माइकने तिची वीज केली, विजेचे आकडे झाले, ते आकडे दाबून लहान केले गेले, आणि सरतेशेवटी त्या आकड्यांवरून इअरफोनच्या एवढ्याशा पडद्याने साखळीत नव्याने हवा हलवली. भाच्याला जे सुंदर वाटलं ते त्या पडद्यातून आलं. म्हणजे तेवढा सुंदर आवाज द्यायची ताकद त्याच्याकडच्या इअरफोनमध्ये आधीपासून आहे. मग साठ हजार कशासाठी मोजायचे? आणि इअरफोनला झेपणार नाही असं काही ‘ब’ जोडीत असेल, ज्यासाठी साठ हजार मोजावेत असं, तर नेमकं तेच त्याला ऐकू आलेलं नाही.

या विषयावर बोलणारे बहुतेक जण लगेच दाबलेल्या आवाजावर येतात. सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते आणि यूट्यूबवर आवाजाच्या वाट्याला साधारण १२८ ते १६० येतात. आकडा भयंकर दिसतो, पण मला हा सगळ्यात किरकोळ दोष वाटतो. २०१२ साली प्रमाणित झालेल्या ओपससारख्या आवाज दाबायच्या पद्धती इतक्या हुशारीने माहिती गाळतात की मूळ आणि दाबलेली प्रत लागोपाठ ऐकूनही बहुतेकांना फरक सांगता येत नाही. उद्या व्हिडिओतला आवाज सीडीच्या प्रतीचा, एक कणही न गाळता मिळाला, तरी माझा आक्षेप तसाच राहील. गफलत वाटेत होत नाही, ती दोन्ही टोकांना आहे. तिकडच्या टोकाला खोली आणि माइक, इकडच्या टोकाला इअरफोन आणि आपण.

इकडच्या टोकाचं आधी बघू. स्वस्त इअरफोनमध्ये बेस मुद्दाम वाढवलेला असतो, वरचे सूरही जरा टोकदार केलेले असतात, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकताना तेच उठावदार वाटतं. अशा इअरफोनमधून दोन स्पीकरांचा व्हिडिओ ऐका. ‘अ’ जोडी प्रामाणिक आहे, जे ध्वनिमुद्रणात आहे ते तेवढंच देते. तिचा बेस इअरफोनच्या वाढीव बेसवर चढतो आणि आवाज गच्च, बसका वाटतो. ‘ब’ जोडीचा बेस मुळात अशक्त आहे. इअरफोन तिची उणीव भरून काढतो आणि ती मोकळी, स्वच्छ वाटते. म्हणजे ‘ब’ जिंकली ती तिच्या उणिवेमुळे. खारट हुमण, म्हणजे माशाची आमटी, जेवताना अळणी सोलकढी बेताची लागते. तीच नुसती प्यायली की मीठ घालायचं राहिलं होतं हे कळतं. ‘ब’ घरी आली की मध्ये इअरफोन नसणार, आणि गाणं पातळ लागणार. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा आपल्याला ते बरोबर उत्तर वाटतं, आणि व्हिडिओ ऐकणाऱ्याला हे ओळखायला काही मार्ग नसतो. ज्याचे इअरफोन वेगळे, त्याचा विजेता वेगळा.

भाच्याने यावर बिनतोड वाटणारा मुद्दा काढला होता. ‘मामा, दोन्ही जोड्यांना माइक तोच, खोली तीच, इअरफोनही तेच. मग निदान फरक तरी खरा ना?’ याचं उत्तर मला माझ्याच घरात मिळालं आहे.

आमचं घर बांदोड्याला आहे. चिरेबंदी भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, खाली लाल कोबा. बसायची खोली लांबीला पाच मीटर. तीन वर्षांपूर्वी मीही व्हिडिओंवर भरवसा ठेवून एक जोडी मागवली. ज्यांच्यावर माझा विश्वास होता त्या सगळ्यांनी तिचा बेस घट्ट, आवरलेला असल्याचं सांगितलं होतं, आणि माझ्या हेडफोनमध्ये तो तसाच ऐकू आला होता. घरी लावली तर ख्यालाच्या मुद्रणात डग्गा खोलीभर फुगला. गायकाचे शब्द त्याच्याखाली बुडू लागले. पंधरा दिवस मी केबल बदलल्या, स्पीकरखाली रबराचे तुकडे ठेवले. काही होईना, तेव्हा मोबाइल तिपाईवर लावून दोन मिनिटांचं मुद्रण केलं आणि कुर्टीच्या एका मित्राला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘आवाज स्वच्छ आहे, पण डग्गा कुठे गेला?’

तेच स्पीकर, तेच मुद्रण, तीच दोन मिनिटं. मला डग्गा जास्त, त्याला डग्गा नाही. दोघांनीही खरं तेच सांगितलं होतं. आपल्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. पाच मीटरच्या खोलीत ७० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांच्या, आसपासची एक पूर्ण लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोबर मावते, आणि कठीण भिंतींमध्ये अशी लाट उभी राहते. भिंतींलगत आणि खोलीच्या मधोमध तिचा दाब सर्वाधिक असतो, तर प्रत्येक भिंतीपासून सव्वा मीटरवर जवळजवळ शून्य. डग्ग्याचा खोल घुमारा साधारण याच पट्ट्यात येतो. माझा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. मोबाइलची तिपाई मी सोफ्यापुढे, भिंतीपासून सव्वा मीटरच्या आसपास उभी केली होती. माझं डोकं लाटेच्या माथ्यावर होतं, मोबाइल तिच्या तळाशी. त्यात मोबाइलचे छोटे माइक खालचे सूर तसेही कमीच घेतात. तिपाई दीड हात पुढेमागे सरकवली असती तर मित्राने वेगळंच काही कळवलं असतं.

हे एकदा अनुभवलं की शेजारी शेजारी मांडलेल्या ‘अ’ आणि ‘ब’ कडे बघायची नजर बदलते. शेजारी म्हणजे एका जागी नव्हे. एक जोडी कोपऱ्याच्या हातभर जवळ असली तरी तिचा बेस वाढतो. दोन्ही जोड्या आळीपाळीने नेमक्या त्याच जागी ठेवल्या, तरी ती जागा, ती खोली आणि माइकचा तो बिंदू त्या माणसाचा. त्याच्याकडे जाड गालिचा आहे, भिंतींवर आवाज शोषणाऱ्या गाद्या आहेत. माझ्याकडे कोबा आणि चुना. बाजूला जास्त आवाज फेकणारा स्पीकर त्याच्या खोलीत प्रशस्त वाटेल आणि माझ्याकडे भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाने गोंधळ घालेल. यात पुन्हा आवाजाच्या पातळीचा प्रश्न आहे. दोनपैकी एक जोडी अगदी थोडी, डेसिबलच्याही अंशाने, मोठी वाजत असली तर आपल्याला ती मोठी वाटत नाही, चांगली वाटते. पातळी काटेकोर जुळवून मग तुलना करणारे फार थोडे आहेत.

एवढं मात्र मान्य करायला हवं. जागा तीच ठेवली, माइक हलवला नाही, पातळी जुळवली, तर कुठली जोडी जास्त उजळ आणि कुठली जास्त मंद, एवढा ढोबळ फरक व्हिडिओतूनही कळतो. पण उजळ आणि मंद यांतलं बरोबर कुठलं, हे त्यातून कळत नाही. आपल्याला हवं असतं ते नेमकं तेच.

माइक आणि कान यांना एक समजलं जातं, तेही चुकीचं आहे. श्रावणात वास्कोला दामोदर भजनी सप्ताहात अखंड चोवीस तास भजन चालतं. तिथे उभं राहून ज्यांनी ते ऐकलं आहे त्यांनी आपल्याच मोबाइलवर केलेलं त्याचं चित्रण घरी येऊन लावून बघावं. प्रत्यक्षात गर्दीच्या गलक्यातही गाणाऱ्याचा शब्द न् शब्द कळत होता, पखवाज एका बाजूला, झांजा दुसऱ्या बाजूला वेगळ्या ऐकू येत होत्या. चित्रणात सगळं एकात एक मिसळतं, विहिरीत म्हटल्यासारखं. कारण आपल्याला दोन कान आहेत आणि त्यांच्यामागे मेंदू आहे. आवाज आधी सरळ येतो, मग काही हजारांश सेकंदांनी भिंतींवरून परतून येतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवलं की लगेच मागून आलेला परतीचा आवाज आपण वेगळा ऐकत नाही. तो पहिल्यात मिसळून घेतो आणि दिशा पहिल्याचीच धरतो. खोलीतला पसारा मेंदू सतत आवरत असतो. माइक काही आवरत नाही, येईल ते सगळं एकाच ढिगात टाकतो. मग तो ढीग इअरफोनमधून कानाच्या तोंडाशी ओतला जातो, जिथे डोकं वळवून दिशा पारखायचीही सोय नसते. स्पीकरची जोडी समोर जी बैठक मांडते, म्हणजे गायक मध्ये, तबला इथे, तंबोरे मागे, तिची या ढिगावरून परीक्षा करायची म्हणजे सावली बघून माणसाचा रंग सांगण्यासारखं आहे.

उलट बाजूने कान न आलेला आवाजही ऐकतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. मोबाइलच्या स्पीकरमधून एवढा खालचा सूर बाहेर पडतच नाही. तरीही मोबाइलवर तंबोरा लावला तर खर्ज ‘ऐकू’ येतो. तंबोऱ्यातून उमटणारे वरचे स्वर मोबाइल देतो, आणि त्यांच्यावरून पायाचा सूर मेंदू स्वतः भरून घेतो. रियाजाला मोबाइलवरचा तंबोरा चालतो तो याच कारणाने. पण ज्या खर्जासाठी आपण मोठा स्पीकर घेतो तो व्हिडिओत आला की आपण भरला, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. मला ही गोष्ट कळली तेव्हा स्वतःच्या कानांबद्दल आदर वाढला आणि त्यांच्या साक्षीबद्दल सावधपणाही आला.

आवाज किती मोठा लावतो यावरही सूर बदलतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी केला की खालचे सूर आपल्याला इतरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. व्हिडिओ करणारा दिवसा खोली दणाणेल इतका मोठा वाजवतो. भाचा रात्री आजीची झोप मोडू नये म्हणून हळू ऐकतो. एवढ्यानेच त्याच स्पीकरचा बेस दोघांसाठी वेगळा होतो.

आता डोळ्यांचं. व्हिडिओ ही बघायची वस्तू आहे. लाकडाच्या तुकतुकीत कडा, जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हमधला केशरी उजेड, बोलणाऱ्याच्या मागे रेकॉर्डींची भिंत. हे सगळं आवाजावर मत बनवतं, आणि चांगले जाणकारही त्यातून सुटत नाहीत. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी एका मोठ्या स्पीकर कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर पडद्याआड आणि पडद्याशिवाय ऐकवून गुण द्यायला सांगितले. स्पीकर दिसताच गुण बदलले. स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआड ऐकताना तो फरक गुणांत उतरला होता, उघड्या डोळ्यांनी ऐकताना तो बराच पुसला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ व्हायोलिनवादकांना वेल्डिंग करणाऱ्यांसारखे काळे चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. त्यांत जगप्रसिद्ध स्ट्राडिव्हारीही होती. बहुतेकांनी नवी पसंत केली, आणि नवी कुठली, जुनी कुठली हे त्यांना धड सांगता आलं नाही. माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून राहिलेला प्रयोग पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. चिया-जुंग साय यांनी पाश्चात्य संगीताच्या स्पर्धांची चित्रणं लोकांना दिली. कुणाला नुसता आवाज, कुणाला आवाजासह चित्र, कुणाला मुकं चित्र. विजेता कोण हे सगळ्यात बरोबर ओळखलं ते मुकं चित्र बघणाऱ्यांनी. ओळखणाऱ्यांत व्यावसायिक संगीतकारही होते, आणि संगीतात महत्त्व आवाजालाच असतं असं सांगणारेही तेच होते. गाण्याचा निवाडा आवाज बंद असताना होऊ शकतो, तर स्पीकरचा निवाडा व्हिडिओ बघून करताना आपण खरंच ऐकत असतो का?

कुणी म्हणेल, मग तर मुद्रण सगळंच खोटं. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं गाणं आपण मुद्रणातूनच ऐकतो. १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. ती खरखरीतूनही काळजाला भिडते. मग व्हिडिओने काय पाप केलं? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यातून दोन गोष्टींतला फरक स्पष्ट होतो. केसरबाईंच्या मुद्रणात माइकसमोर केसरबाई होत्या. त्यांचा आवाज पुढे पोचावा म्हणून माइक ठेवला होता, आणि ऐकणाऱ्याच्या खोलीत तो पुन्हा उमटावा अशी कल्पना होती. स्पीकरच्या व्हिडिओत माइकसमोर कुणी गाणारं नाही. आधी झालेलं मुद्रण एका यंत्रातून वाजतं आहे आणि त्याचं पुन्हा मुद्रण होतं आहे. गाण्याला दुसऱ्यांदा खोली लागते, दुसऱ्यांदा माइक लागतो, आणि मग आपल्याकडे तिसऱ्यांदा एक यंत्र. गाणं यातूनही तगतं, कारण गाणं दणकट असतं. अर्ध्या आवाजातही आपण राग ओळखतो. स्पीकरची प्रत ही फार नाजूक बाब आहे, आणि ती पहिल्याच फेरीत सांडते.

पैशांबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे निदान नियम आले आहेत. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन मत देणाऱ्याने तसं उघड सांगावं, असे नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तशी मार्गदर्शिका काढली. मला त्यात आणखी एक भर हवी आहे. आवाज ऐकवून वस्तूबद्दल मत बनवायला लावणाऱ्याने माइक कुठला, किती अंतरावर, खोली केवढी, पातळी जुळवली का, एवढं तरी पडद्यावर लिहावं. बहुतेक व्हिडिओ करणारे लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पुष्कळ जण मनापासून करतात. पण हेडफोन लावा आणि तुम्हीच ठरवा, असं सांगताना ते प्रेक्षकाला त्याच्याकडे नसलेली ताकद असल्याचा भास देतात.

व्हिडिओचा उपयोगच नाही, असंही नाही. स्पीकरच्या पाठीमागे कुठली जोडणी आहे, खोका उघडून आत काय निघालं, दमट हवेत वूफरची, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या मोठ्या पडद्याची, फोमची कड किती वर्षांत भुगा होते आणि रबराची का टिकते, हे बघूनच कळतं, आणि समुद्राकाठच्या माणसाला ते कळायला हवं. सगळ्यात मोलाचे ते, जे मोजमाप दाखवतात. स्पीकरभोवती चारी बाजूंनी मापं घेऊन सीटीए-२०३४ या प्रमाणित पद्धतीने काढलेला, कुठला सूर किती जोरात येतो याचा आलेख पडद्यावर आला की तो माझ्या मोबाइलवर आणि तुमच्या टीव्हीवर सारखाच असतो. आलेख कितीही दाबला तरी त्यातली रेघ तिथेच राहते. भाच्याला मी सांगितलं, व्हिडिओतलं ऐकू नको, वाच.

आता गोव्याचं. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, सगळीकडे टीव्ही आणि साउंडबारची मोठी दुकानं आहेत. पण आपलं गाणं सोबत न्यावं, दार लावून तासभर शांत बसून ऐकावं, अशी जागा मला शोधूनही सापडली नाही. मांडवी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, दोन दिवसांची रजा, राहायचा खर्च. पगारदार पोराला हे परवडत नाही, म्हणून तो मोबाइलकडे वळतो. यात त्याचा दोष मला दिसत नाही.

मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हाय-फाय, म्हणजे हाय फिडेलिटी, या शब्दाचा अर्थच मुळाशी इमान राखणं असा आहे. ज्या आवाजाशी इमान राखायचं तो मूळ आवाज आमच्या पोरांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. चवथीला घराघरांत घुमट आरती होते. मातीचा घुमट, दोन्ही बाजूंना उघडा, मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं आणि आता बकऱ्याचं कातडं, लहान तोंडावर डाव्या हाताचा तळवा उघडझाप करतो आणि आतली हवा बाहेर पडताना आवाजाला एक हुंकार देते. तो हुंकार छातीला जाणवतो. मोबाइलच्या चित्रणात पहिली थाप पडताच आपोआप पातळी खाली ओढली जाते आणि घुमटाची नुसती टपटप उरते. भाच्याने पंधरा वर्षं घुमट वाजवला आहे. देवळातला चौघडा, रवींद्र भवनातली नाटकं, शेजारच्या गावच्या चर्चमधलं व्हायोलिन, हे सगळं त्याच्या कानांनी खऱ्या आकारात साठवलेलं आहे. स्पीकर पारखायला यापेक्षा चांगलं माप जगात नाही. आणि तो ते माप खिशात ठेवून, कुठल्या तरी परक्या खोलीतल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर निवाडा सोपवतो.

यावर मला दोन गोष्टी शक्य वाटतात, आणि त्या व्हाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. एक, गोव्यात माल पाठवणाऱ्या विक्रेत्यांनी पंधरा दिवस घरी लावून ऐकायची आणि न पटल्यास परत करायची सोय द्यावी, परतीच्या भाड्यासह. स्पीकर ज्या खोलीत वाजणार तिथेच त्याची परीक्षा होते, त्याला दुसरा इलाज नाही. दुसरी गोष्ट सार्वजनिक आहे. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं; पुस्तक विकत घेण्याआधी हातात घेऊन वाचायची सोय या भूमीने एवढ्या आधी केली. मडगाव, कुडचडे, साखळी इथे रवींद्र भवनं आहेत. यांतल्या एखाद्या ठिकाणी एक शांत खोली ऐकण्यासाठी राखून ठेवता येईल. एक चांगली जोडी कायम लावलेली, समोर पातळ कापडाचा पडदा, आणि आठवड्यातून एक दिवस लोकांनी आपापले स्पीकर आणून लावावेत. खर्च फारसा नाही. चांगला आवाज म्हणजे काय हे एकदा ऐकलेल्या मुलाला मग व्हिडिओ भुलवणार नाही, आणि ज्याला काहीच विकत घ्यायचं नाही तोही तिथे येऊन तासभर केसरबाई ऐकून जाईल.

तोवर आम्ही घरीच सुरुवात केली आहे. सोफा मी भिंतीपासून पुढे ओढला, तेव्हाच डग्गा बराच जागेवर आला होता. मागच्या रविवारी भाचा बांदोड्याला आला. येताना त्याने चवथीच्या आरतीचं मुद्रण आणलं होतं, छोट्या रेकॉर्डरवर, आपोआप पातळी ओढणारी सोय बंद करून केलेलं. वाजवणाऱ्यांत तो स्वतः होता. कुर्टीचा मित्र आपली जोडी गाडीत घालून घेऊन आला. दोरीवर एक जुनं पातळ लुगडं टाकलं, दोन्ही जोड्या आळीपाळीने एकाच जागी ठेवल्या, मोबाइलवरच्या मापकाने पातळी जुळवली. भाचा तासभर डोळे मिटून ऐकत होता. एका जोडीवर तो म्हणाला, ‘यात डाव्या हाताचा वारा ऐकू येत नाही.’ दुसरीवर येत होता, पण झांजा कानाला लागत होत्या. मी विचारलं, मग घेणार कुठली? म्हणाला, ‘दोन्ही नकोत. डिचोलीला एकाकडे तिसरी जोडी आहे. पुढच्या रविवारी तुम्ही येणार का?’